वाचकांचे प्रश्न : पोटची मुलं आणि दूर देशातून आलेली लेक

या खेपेला दत्तक मुलींविषयी बरीच पत्रं आली. पोटची मुलं आहेत, शिवाय परदेशातून दत्तक आलेली मुलगी आहे, अशा घरांचे प्रश्न त्यात जास्त होते. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही काढले आहेत.

प्रश्न : आम्ही बेळगावला टिळकवाडीत राहतो. थोरला चौदा वर्षांचा, दुसरा बारा. धाकटी दहाची. नोकरीनिमित्त आम्ही इथिओपियात, अदिस अबाबात असताना ती दीड वर्षाची होती, तेव्हापासून आमची आहे. खडेबाजारात, बसस्टँडवर, लग्नात कुणीही विचारतं, "कुठनं आणलासा हिला?" "सिद्द्यांची काय ही?" बारा वर्षांचा भांडायला उठतो, थोरला लांब जाऊन उभा राहतो आणि ती गप्प बसते. दुसरं दुखणं तिच्या केसांचं. विंचरताना रोज रडारड. सासूबाई म्हणतात एकदा सफाचट करा, मऊ येतील.

उत्तर : मोठं माणूस बरोबर असेल तर उत्तर त्यानंच द्यायचं. ते काम पोरांवर सोडायचं नाही. उत्तर आखूड असावं आणि दर वेळी तेच असावं : "आमची मुलगी." पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच म्हणा, आणि विषय बदला. बेळगावात निम्मे प्रश्न कन्नडमधून येतात, म्हणून "नम्म मगळु" हेही तोंडात बसवा. मुलांना "माझी बहीण" आणि "नन्न तंगी" एवढंच पुरे.

हे घरात बोलून बघावं लागतं. रविवारी दहा मिनिटं एकानं चौकस काकू व्हायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. दोन-चार रविवार असं केलं की बाजारात जीभ अडखळत नाही. मुलीला तीन वाटा सांगून ठेवा : स्वतः उत्तर दे, "आईला विचारा" म्हण, किंवा तिथून सरळ निघून ये. तिन्ही बरोबर आहेत. शिवाय एक खूण ठरवा. तिनं तुमचा हात दोनदा दाबला की गप्पा कितीही रंगलेल्या असोत, तुम्ही तिथून निघायचं.

भांडणाऱ्या मुलाला एकट्याला बसवून सांगा की बहिणीची राखण करणं हे त्याचं काम नाही, ते आईबाबांचं आहे. त्यानं खूप हलकं वाटतं. थोरला लांब जातो याचा अर्थ त्याला बहिणीची लाज वाटते असा काढू नका. चौदाव्या वर्षी दहा डोळे आपल्याकडे वळले की कुणालाही नकोसं होतं. त्याच्याशी वेगळं बोला, तिच्यासमोर नको.

घोळ होतो तो बहुतेक आपल्या भिडेमुळे. कुणी आपुलकीनं विचारलं की आपण सगळं सांगून मोकळे होतो : आश्रम, तिची जन्मदाती, तिथली गरिबी. मग तिची हकिकत तिच्याआधी सगळ्या पेठेला ठाऊक होते. ती हकिकत तिची आहे. मोठी झाल्यावर कुणाला किती सांगायची हे तिला ठरवू द्या. दुसरी जागा "फार पुण्याचं काम केलंत" या वाक्याची. ते तीनही मुलं ऐकत असतात. पोटच्यांना वाटतं, आपण हक्काचे आणि ही उपकाराची. तिलाही तेच वाटतं. म्हणून तिथल्या तिथे, मुलांना ऐकू जाईल असं म्हणा, "पुण्य कसलं, आम्हाला मुलगी हवी होती."

सिद्दींबद्दलही बोलायला हवं. खानापूर, हल्याळ, यल्लापूर भागात हे मूळ आफ्रिकी वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आपल्याच भाषा बोलतात. "छे छे, सिद्दी नव्हे!" असं तुम्ही झटकून बोललात, तर त्यांच्यासारखं दिसणं कमीपणाचं असतं हे मुलगी त्या एका शब्दातून शिकते. "नाही, आमची मुलगी" हे शांतपणे म्हणता येतं. उलट तिच्यासारखे केस असलेल्या बायका-मुली याच मुलखात आहेत हे तिला दिसू द्या. केस विणण्यात हात बसलेली कुणी ओळखीची निघाली तर मानानं विचारा आणि वेळेचे पैसे द्या.

आता केस. सफाचट केल्यानं काही बदलत नाही. केस कुरळा की सरळ हे कातडीखालच्या मुळाच्या आकारावर ठरतं, वस्तरा तिथे पोचत नाही. जावळ काढल्यावर बाळांचे केस पुढे दाट वाटतात ते वयामुळे. दहा वर्षांच्या मुलीचं डोकं भादरलं तर शाळेत आणखी एक प्रश्न तेवढा वाढेल.

रडारड होते कारण कोरड्या केसांत तेल घालून वरून खाली विंचरलं जातं. असे केस कोरडे असताना विंचरायचेच नाहीत. सात ते दहा दिवसांतून एकदा धुवा. सल्फेट नसलेला शाम्पू फक्त टाळूला लावा. नंतर ओल्या केसांना कंडिशनर भरपूर, खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण पाव वाटी. चिमटे लावून केसांचे चार ते सहा भाग करा. एकेक भाग घेऊन आधी बोटांनी गुंता सोडवा, मग रुंद दातांचा कंगवा फिरवा, टोकापासून सुरुवात करून वर मुळाकडे जा. झालेल्या भागाला लगेच दोन पेडांचा पीळ द्या, म्हणजे पुन्हा गुंतत नाही. धुऊन झाल्यावर केस ओलसर असतानाच थोडं क्रीम किंवा जवसाचा गर लावायचा आणि त्यावर खोबरेल. हा क्रम उलटा करू नका. तेलानं केसांना ओलावा मिळत नाही, असलेलं पाणी तेवढं टिकून राहतं.

जवस आपल्याकडे चटणीसाठी घरात असतोच. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवा. सात ते दहा मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार येते. त्या क्षणी उतरवा आणि गरम असतानाच पातळ कापडातून गाळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर कापडाला चिकटून बसतो, जास्त आटवलात तर गोळा होतो. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो, वास बदलला की टाकून द्या.

वेण्या दोन-तीन आठवडे राहू शकतात. कपाळाच्या कडेला पुळ्या आल्या किंवा डोकं दुखलं तर त्या फार आवळल्या आहेत, त्याच दिवशी सोडा. ताण राहिला की तिथले केस कायमचे विरळ होतात. रात्री डोक्याला सॅटिनचं कापड बांधा, सुती उशी केसांतला ओलावा ओढून घेते. शाळेत दोन वेण्या आणि रिबिनीचा नियम असेल तर मुख्याध्यापिकांना आधीच भेटा. डोक्यालगत विणलेल्या दोन वेण्यांच्या टोकाला रिबीन बांधली की नियमही राहतो. आणि कुणी बेसन-हळदीनं "उजळव" म्हणून सुचवलं तर ते तिच्या कानावर पडण्याआधी थांबवा. तिच्या कातडीला आंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल हवं, थंडीत जरा जास्त.

या सगळ्याला दीड-दोन तास लागतात. दर रविवारी आईचे दोन तास मुलीचे झाले की मुलगे मनात हिशेब ठेवतात. म्हणून बाबांनीही वेण्या शिकून घ्याव्यात आणि एक रविवार आड पाळी घ्यावी.

प्रश्न : मुलगा-सून अमेरिकेत असतात. नातू बारा आणि सहा वर्षांचे. गेल्या वर्षी त्यांनी कोलंबियातून आठ वर्षांची मुलगी दत्तक घेतली. मे महिन्यात सगळे महिनाभर निपाणीला येताहेत. सून फोनवर म्हणाली, "आई, तिला तुम्ही भरवू नका, फार जवळ घेऊ नका, काही हवं असलं तर आमच्याकडे पाठवा." मला फार लागलं. धाकटा नातू हल्ली अंथरूण ओलं करतो असंही कळलं. मी काय करावं?

उत्तर : आजी, तुम्हाला लागलं हे समजतं, पण सूनबाईंचं सांगणं बरोबर आहे. आठ वर्षांत ही पोर किती हातांतून गेली असेल. संस्थेत जेवण वाढणाऱ्या बायका पाळीपाळीनं बदलतात. अशा मुली भेटेल त्याला गोड वागून आपलंसं करायला शिकतात, कारण उद्या कोण असेल याचा भरवसा नसतो. आता तिला शिकायचंय की हे दोघे कायमचे. भूक, जखम, झोप, भीती यांसाठी याच दोघांकडे जायचं. सगळेच भरवायला लागले तर तिला ही पुन्हा एक संस्थाच वाटते. हा नियम जन्मभराचा नाही. कधी सैल करायचा ते सूनबाई सांगतील.

तुमच्याकडे कामं थोडकी नाहीत. तुळशीला पाणी, रांगोळी, शेंगा फोडणं, कणकेचे गोळे, सगळं तिच्या शेजारी बसून करा. लाडवाची ताटली सुनेच्या हातात द्या, ती मुलीला देईल. मुलगी आपणहून गळ्यात पडली तर झिडकारू नका. पाठीवरून हात फिरवा आणि "चल, आईला दाखवू" म्हणत तिला सुनेपाशी न्या.

सांबऱ्याच्या विमानतळावर सगळं गाव नेऊ नका. दारात ओवाळणी तिघांची एकदम आणि सारखी होऊ द्या, पाच मिनिटांत आटपा. पहिले चार-पाच दिवस पाहुणे नकोत. दिवस-रात्र उलटी झालेली असते, मुलांना सावरायला आठवडा लागतो. नंतर दोघं-तिघं येऊ द्यात. हळदीकुंकवाचा घाट या मुक्कामात घालूच नका. तिचं नावही बदलू नका. ते नाव तिनं सोबत आणलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक आहे. भेटवस्तू तिघांना सारख्या मोलाच्या द्या. पाहुणी म्हणून तिला जास्त दिलंत तरी ती वेगळीच पडते.

जेवणात मसाला ही पहिली अडचण येईल. कोलंबियात रोजचं खाणं तिखट नसतं. आमटीत तिखट घालण्याआधी तिची वाटी काढून ठेवा. तिकडे मक्याची जाड भाकरीसारखी अरेपा खातात, आणि मका तर आपल्या जिल्ह्यात पिकतोच. त्यांचं पीठ आधी शिजवलेलं असतं, आपलं कच्चं. म्हणून कडकडीत पाण्यात उकड काढून, मीठ घालून मळा. तळहाताएवढी, बोटभर जाड थापा आणि मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटं भाजा. आच मोठी झाली तर वरून करपते आणि आत पीठ राहतं. वर लोणी. सोबत भात आणि घट्ट राजमा, पिकल्या राजेळी केळ्यांचे तुपातले काप. एवढ्यावर तिचं पोट नक्की भरेल.

उशीखाली भाकरीचा तुकडा सापडला तर रागावू नका, सगळ्यांसमोर बोलूही नका. भुकेची आठवण पोटातून लवकर जात नाही. तीनही नातवंडांना घट्ट झाकणाचा एकेक डबा द्या, नाहीतर मुंग्या लागतील. सकाळी त्यात चिरमुरे, फुटाणे, एक राजगिऱ्याचा लाडू ठेवा. तिनं किती खाल्लं ते मोजायचं नाही. डबा रोज भरलेला दिसला की लपवणं हळूहळू कमी होतं. कपाटाला कुलूप लावलं तर वाढतं.

"इथं बरं वाटतं ना? आता तिकडचं विसर" असं म्हणू नका. तिनं आधीच्या आईची आठवण काढली तर ऐकून घ्या. तिचे तीन शब्द पाठ करा : आग्वा म्हणजे पाणी, बान्यो म्हणजे न्हाणीघर-संडास, मे दुएले म्हणजे मला दुखतंय. घाबरली किंवा दमली की मूल जुन्या भाषेकडे वळतं.

आता धाकटा. तुमच्या मांडीची खरी गरज या महिन्यात त्याला आहे. आईबाबांचे दोन्ही हात वर्षभर बहिणीत गुंतलेत, आणि सहा वर्षांचं मूल हे तोंडानं सांगू शकत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं फक्त तुम्ही दोघं : गोष्ट, बाजार, गच्ची, काहीही. त्या वेळात बहिणीचा विषय नको. ओल्या अंथरुणाबद्दल चकार शब्द काढू नका, मेणकापड घाला, चादर बदला. लघवीला जळजळ किंवा सारखी तहान असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायला सांगा. थोरल्याला त्याच्या सामानासाठी कुलपाचा खण द्या, आणि "तू मोठा, बघ तिच्याकडे" हे महिनाभर म्हणू नका.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची असताना थायलंडहून दत्तक घेतली. आता साडेसात वर्षांची आहे. वर्षभरात फ्रॉक भराभर आखूड झाले. आता छातीत गाठ लागते, दुखते म्हणते. थोरल्या मुलीला या वयात असं काही नव्हतं. घरचे म्हणतात, अंग भरतंय, चांगलं आहे.

उत्तर : थांबू नका, या महिन्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आठ वर्षांच्या आत छातीची वाढ सुरू झाली तर ती वेळेआधीची समजतात. परदेशातून दत्तक आलेल्या मुलींमध्ये हे इतर मुलींपेक्षा कितीतरी पट जास्त आढळतं, डेन्मार्कमधल्या नोंदींच्या अभ्यासात तसं दिसलं आहे. लहानपणी उपासमार आणि मग चांगल्या घरात एकदम भराभर वाढ, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणजे तुमचं काही चुकलेलं नाही.

धोका उंचीचा. आधी मूल झपाट्यानं उंच होतं म्हणून घरचे खूश असतात. पण हाडांची टोकं लवकर जुळून येतात आणि वाढ थांबते. डॉक्टर डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतील, रक्तातली संप्रेरकं म्हणजे हार्मोन तपासतील, बहुधा पोटाची सोनोग्राफीही. गरज वाटली तर संप्रेरकतज्ज्ञांकडे पाठवतील. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शननं ही वाढ थोपवता येते. सर्वांनाच ते लागतं असं नाही.

जाताना उंचीची नोंद न्या. अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक काटकोनात धरून खूण करायची. दर तीन महिन्यांनी, सकाळच्याच वेळी. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ असते, त्याहून बरीच जास्त भरली तर डॉक्टरांना सांगा. जन्मतारीख संस्थेनं अंदाजानं लिहिली असेल तर तेही सांगा, त्यावर सगळं गणित फिरतं.

पाळी लवकर येऊ शकते, म्हणून तिला आत्ताच सोप्या शब्दांत सांगून ठेवा. दप्तरात एक पॅड आणि जादा चड्डी असू द्या. थोरलीशी तुलना करू नका. "शहाणी झाली" म्हणून कार्यक्रम करण्याची रीत असेल तर तिला विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

प्रश्न : खानापूर तालुक्यात मराठी शाळेत तिसरीला शिकवते. वंशवृक्ष काढायचा आणि बाळपणीचा फोटो लावायचा असा उपक्रम आहे. वर्गात एक परदेशातून दत्तक आलेली मुलगी आहे, तिचा भाऊ चौथीत आहे. तिला सूट देऊ का?

उत्तर : सूट नको, सगळ्या वर्गाला निवड द्या. वंशवृक्ष, किंवा घराचं चित्र काढून प्रत्येक खिडकीत एक माणूस, किंवा मुळं आणि फांद्या दोन्ही असलेलं झाड. मुळांशी आधीची माणसं, फांद्यांवर आत्ताची. आजोळी वाढणारी, वडील नसलेली मुलंही वर्गात असतात, त्यांनाही हे सोपं जातं. बाळपणीच्या ऐवजी "आवडता फोटो" म्हणा. आठवडाभर आधी पालकांना कळवा. वर्गात कुणी विचारलंच, तर काय सांगायचं ते पालकांकडून आधी ठरवून घ्या. भावाला वर्गात बोलावून "तुझी बहीण ना ही?" असं कधीच नको.

प्रश्न : आम्ही चिकोडीचे. एक मुलगा, एक मुलगी आहे. ओळखीच्यांनी परदेशातून मुलगी आणली, तशी आम्हालाही घ्यावीशी वाटते. नात्यातले वकील म्हणाले, मुलगी असताना मुलगी दत्तक घेता येत नाही. खरं काय? पुढे जमिनीत वाटणीचं काय?

उत्तर : वकिलांचं म्हणणं १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यापुरतं खरं आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे मुलगी असताना मुलगी घेता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ही अट नाही, आणि तो सर्व धर्मांना लागू आहे. मात्र २०२२ च्या दत्तक नियमांप्रमाणे दोन किंवा जास्त मुलं असलेल्या जोडप्याला, नात्यातलं किंवा सावत्र मूल सोडलं तर, विशेष गरजा असलेलं किंवा सहजी घर न मिळालेलं मूलच मिळू शकतं. तेव्हा आधी घरात बसून ठरवा : थोडं मोठं, किंवा उपचार लागणारं मूल आपण वाढवू शकू का?

वयाचीही अट आहे. दोघांच्या वयांची बेरीज दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि त्यापुढे ११० पर्यंत चालते. आईबापांपैकी प्रत्येकाचं आणि मुलाचं अंतर किमान २५ वर्षं हवं. नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या म्हणजे काराच्या पोर्टलवर करायची. मग समाजसेवक घरी येऊन अहवाल करतात, तो तीन वर्षं चालतो. ते तुमच्या मुलांशीही बोलतात, पाच वर्षांवरील मुलांची संमती कागदावर लागते. ही संमती जुलमाची नसावी. मुलगी कुठे झोपेल, कुणाचं कपाट अर्धं होईल, हे मुलांना आधी स्पष्ट सांगा. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. नंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते.

परदेशातून मूल आणण्याची वाट आता अरुंद आहे. इथिओपियानं जानेवारी २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं, चीननं २०२४ मध्ये नातलग सोडून बाकीच्यांसाठी थांबवलं. परदेशी दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग करारातल्या देशातून घ्यायचं तर काराची मंजुरी लागते. भारत त्यात २००३ पासून आहे. आणलेलं मूल परदेशी पासपोर्टवर, प्रवेश व्हिसा घेऊन येतं. दत्तकानं भारतीय नागरिकत्व आपोआप मिळत नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलम ५ खाली वेगळा अर्ज करावा लागतो, तो मूल अल्पवयीन असतानाच करा. ज्यांच्या घरी अशी मुलगी आधीच आहे त्यांनीही हे काम राहिलं नाही ना ते बघावं. मूळ आदेश, त्याचं प्रमाणित भाषांतर आणि जुना पासपोर्ट एकाच फायलीत ठेवा. दवाखान्यातून किंवा दायीकडून परस्पर मूल घेणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मध्यस्थ कितीही भला वाटो, त्याच्या नादी लागू नका.

वाटणीबाबत : बाल न्याय कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे आदेशाच्या तारखेपासून ती सर्व अर्थांनी तुमची मुलगी, वारसा धरून. वारसनोंदीच्या वेळी आदेशाची प्रत अर्जाला जोडावी लागते, म्हणून दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवा. आणि वाटे सारखे आहेत हे थोरल्या दोघांना आत्ताच, तुमच्या तोंडून कळू द्या. मृत्युपत्र केलंत तर त्यात तिघांची पूर्ण नावं लिहा, नुसतं "माझी मुलं" असं मोघम नको.